केळीला पांघरूण

माणूस कशासाठी राबतो यावरून त्याची पारख करावी, असे जुनी माणसे म्हणत. पोटासाठी राबणे सर्वांनाच समजते. मुलाबाळांसाठी, मानासाठी, पुण्यासाठी राबणेही समजू शकते. परंतु ज्यातून पोट भरत नाही, मान वाढत नाही आणि पुण्यही पदरी पडत नाही, असे श्रम वर्षानुवर्षे नियमाने आणि आनंदाने करणारी माणसे दिसली, की विचार करणाऱ्याला थांबावे लागते. याला वेड म्हणावे, चैन म्हणावी, की यात काही धर्म आहे? थंड देशांतील काही बागप्रेमी कडाक्याच्या हिवाळ्यात केळीचे झाड जगवतात. त्या खटाटोपाविषयी वाचताना आमच्या मनात हा प्रश्न उभा राहिला. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

केळ आणि बर्फ हे दोन शब्द आपण सहसा एका वाक्यात आणत नाही. केळ म्हटली की कोकणातील परसू आठवतो, तापीकाठच्या बागा आठवतात, सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले चार खुंट आठवतात. परंतु इंग्लंड, बेल्जियम, जर्मनी, कॅनडाचा पश्चिम किनारा आणि अमेरिकेची थंड राज्ये अशा ठिकाणी, जेथे हिवाळ्यात जमिनीवर दहिवर गोठते आणि तळ्यांवर बर्फाची साय धरते, तेथेही हौशी लोकांच्या अंगणात केळ उभी असते. ही आपली खाण्याची केळ नव्हे. तिचे शास्त्रीय नाव म्युसा बास्जू. जपानी भाषेत केळीला 'बाशो' म्हणतात, त्यावरून हे नाव आले. पाश्चात्त्यांनी ती प्रथम जपानात पाहिली म्हणून तिला जपानी केळ म्हणण्याचा प्रघात पडला. पण तिचे मूळ घर दक्षिण चीनमधील सिचुआनकडचा प्रदेश, हे पुढे स्पष्ट झाले. म्हणजे नावात जपान, मुळात चीन आणि वास्तव्य इंग्लंडात, अशी ही तीन घरची पाहुणी आहे.

तिला इंग्लंडात नेण्याचे श्रेय उद्यानांच्या इतिहासात चार्ल्स मेरीज या वनस्पतिसंग्राहकाला दिले जाते. १८५१ साली जन्मलेल्या या गृहस्थाला वीच नावाच्या नामांकित रोपवाटिकेने १८७७ ते १८७९ या काळात जपान आणि चीनमध्ये झाडे शोधण्यासाठी पाठवले होते. ग्वाल्हेरच्या वाचकांना या माणसाविषयी अधिक जिव्हाळा वाटावा असे कारण आहे. पुढे तो हिंदुस्थानात आला, आधी दरभंग्याच्या महाराजांच्या आणि नंतर आमच्या शिंदे सरकारच्या बागांचा अधीक्षक झाला, आंब्याच्या जातींचा त्याने बारकाईने अभ्यास केला आणि १९०२ साली तो निवर्तला. जपानची केळ विलायतेत नेणारा हा विलायती माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात मराठी संस्थानिकाच्या चाकरीत ग्वाल्हेरची बाग राखत होता. झाडे जशी मूळ जागा सोडतात, तशी माणसेही सोडतात. आणि नव्या जागी दोघांनाही कोणीतरी राखावे लागते.

या झाडाची राखण कशी होते, हे समजण्यासाठी केळीची घडण ध्यानात घ्यावी लागेल. आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो ते खरे खोड नव्हेच. एकावर एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांची ती गुंडाळी आहे. सोपटामागून सोपट काढीत गेले की हे कोणालाही दिसते. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. वाढीचा कोंब फूल धरण्याची वेळ येईपर्यंत त्या कंदातच, जमिनीच्या पातळीला दडून असतो. या सगळ्या अवयवांत पाणी फार, आणि पाणी गोठले की फुगते. म्हणून थंडीचा घाव वरून खाली येतो. हलक्या हिमानेच पाने काळी पडून लोंबू लागतात. पारा शून्याखाली पाच-सहा अंश गेला की उघडे खोड साधारणतः तग धरत नाही. ते मऊ पडते आणि कुजू लागते. कंद मात्र पालापाचोळ्याच्या जाड थराखाली उणे दहा-बारा अंशांची, कधी त्याहूनही कडक थंडी सोसतो आणि उन्हाळा लागताच नवा पोंगा वर काढतो.

राखणीची रीत अशी. पहिल्या हिमाने पाने काळवंडली की ती देठापासून छाटून टाकतात. उरलेल्या खोडाभोवती, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचे नळकांडे उभे करतात आणि त्यात गव्हाचे काड किंवा झाडांखाली गळलेली कोरडी पाने भरतात. वर पावसाचे पाणी आत उतरू नये म्हणून झाकण घालतात. पण हवा खेळण्यास वाट ठेवतात. या सगळ्यात उष्णता पुरवणारे काहीच नाही. पांघरूण ऊब निर्माण करीत नाही, असलेली ऊब निसटू देत नाही. जाणकार सांगतात की थंडीइतकीच ओल घातक असते. आत पाणी साचले तर झाड थंडीने न मरता पांघरुणातच सडते. पुढे मार्च-एप्रिलमध्ये, हिमाचे भय सरल्यावर, हे सारे काढून टाकायचे. आणि पुन्हा कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास तेच. असे दहा वर्षे, वीस वर्षे, जोवर हातपाय चालतात तोवर.

आणि या खटाटोपाचे फळ? अक्षरशः काही नाही. या केळीला घड आलाच, तर तो बोटभर लांबीच्या, बियांनी भरलेल्या, गर जवळजवळ नसलेल्या केळ्यांचा असतो. तो खाण्याच्या उपयोगाचा नाही. बहुतेकांच्या अंगणात तर घड येतच नाही.

येथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो आपल्या मातीतील माणसाला विशेष पटणारा आहे. आपल्याकडे केळीइतके उपयुक्त झाड दुसरे नाही. पान जेवायला, केळफूल भाजीला, गाभा कोशिंबिरीला, सोपट फुलांचे हार ओवायला, कच्चे फळ भाजीला, पिकले फळ देवाला आणि बाळाला, खुंट मांडवाला. आमच्याच राज्यातील बुऱ्हाणपूर आणि पलीकडचा जळगाव येथे हजारो कुटुंबे या एका पिकावर जगतात. तेथेही थंडीचे भय असते. पारा दहा अंशांखाली राहिला की वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, निसवण अडते, घड खोडातच अडकून बसतो. म्हणून शेतकरी बांधावर शेवरीची ताटी उभी करतो, रात्री बागेला पाणी देतो, पहाटे काडीकचरा पेटवून धूर करतो, घडाला पिशवी घालतो. या माणसाला कोणी विचारीत नाही की बाबा, हे कशासाठी? त्याच्या राखणीमागे कर्ज आहे, लेकीचे लग्न आहे, पुढच्या वर्षीचे बियाणे आहे. त्याच्या धुरापुढे इंग्लंडमधील हौशी माणसाचे काडाचे पांघरूण म्हणजे रिकामटेकडेपणाच नव्हे काय?

या आक्षेपाला सर्वांत जुने उत्तर त्याच झाडाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाने दिले आहे. जपानचा थोर हायकू कवी मात्सुओ बाशो याचा जन्म १६४४चा. तो एदो नगरीच्या कडेला फुकागावा येथे झोपडी करून राहू लागला, तेव्हा १६८१ साली एका शिष्याने त्याच्या अंगणात केळीचे रोप लावून दिले. ते फोफावले, लोक त्या झोपडीला केळीची झोपडी म्हणू लागले आणि कवीने तेच नाव स्वतःला घेतले. पुढे ती झोपडी आगीत गेली, नवी उभी राहिली, जागा बदलली, तशी केळही नव्या जागी हलवली गेली. या स्थलांतराविषयी बाशोने १६९२च्या सुमारास एक लहानसा गद्यलेख लिहिला आहे. त्यात त्याला या झाडाविषयी प्रेम का वाटते, याचे कारण तो सांगतो. फुलाचे म्हणावे तर डोळ्यात भरण्यासारखे नाही, खोड जाड असले तरी लाकूड म्हणून कुऱ्हाडीच्या कामाचे नाही, पाने वाऱ्यापावसाने फाटून जातात. असे हे निरुपयोगी आहे, म्हणूनच ते आपल्याला प्रिय आहे, असा त्याचा भाव आहे. यामागे चीनमधील च्वांग्-त्सू या तत्त्वज्ञाची सावली आहे. ज्या झाडाचे लाकूड कामाचे नसते त्याच्यावर कुऱ्हाड पडत नाही आणि ते सुखाने वाढते, असा त्याचा विचार होता.

आम्हांस हे उत्तर सुंदर वाटते, पण पुरेसे वाटत नाही. बाशोची केळ फुकागावाच्या हवेत बऱ्यापैकी स्वतःच्या बळावर जगत होती. येथे प्रश्न आहे तो दरवर्षी आवळून पांघरूण घालण्याचा. निरुपयोगी वस्तूवर प्रेम करणे वेगळे आणि तिच्यासाठी राबणे वेगळे. आपल्याकडे लगेच गीतेतील फलत्यागाचा दाखला देण्याचा मोह होतो. निष्काम कर्माचे याहून चांगले उदाहरण कोणते, फळच नाही तर फळाची आसक्ती कोठून? परंतु हा युक्तिवाद थोडा सोपा आहे. गीतेचा अर्जुन ज्या कर्मापुढे उभा होता ते त्याच्यावर येऊन पडलेले होते. केळीला पांघरूण घालणाऱ्याने ते स्वतः ओढवून घेतले आहे. शिवाय त्याला फळ नको असले तरी पान हवे असते. वैशाखात, ढगाळ आकाशाखाली, पुरुषभर उंचीचे ते हिरवे पान उलगडताना पाहावे, हीच त्याची आस आहे. तेव्हा त्याला निष्काम म्हणणे अचूक होणार नाही. त्याची कामना लहान आहे आणि तिच्यासाठी तो मोठी किंमत मोजतो, एवढेच फार तर म्हणता येईल. अशा माणसाला आपण रिकामटेकडा म्हणत असू, तर संगीताच्या रियाजाला, टिपण काढीत केलेल्या वाचनाला आणि आमच्या या त्रैमासिकालाही तेच विशेषण लावावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे झाड ज्या हवेचे नाही, त्याला तेथे का लावावे? त्याच्या जागी त्याला सुखाने जगू द्यावे, हाच खरा विवेक नाही काय? अस्थानी आणलेल्या जिवाला जाळीत कोंडून, काडात गुंडाळून जगवणे म्हणजे निसर्गावर केलेली जबरदस्तीच होय. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते शेवटपर्यंत नेले, तर आपल्या ताटात फारसे काही उरणार नाही. मिरची, बटाटा, पेरू, पपई, सीताफळ हे सारे समुद्रापलीकडून आले. उलट केळ पूर्वेकडून निघून आफ्रिका ओलांडून अमेरिकेस पोहोचली. स्वस्थानी असलेले असे किती? काही शतके मागे गेले की बहुतेक सारेच कोठून तरी आलेले दिसतात. म्हणून हे येथले आहे काय, या प्रश्नावर नीती उभारता येत नाही.

आमच्या मते नीतीचा प्रश्न वेगळ्या जागी आहे. झाड स्वतःहून आलेले नाही. त्याला कोणीतरी आणले. ज्याने आणले त्याच्यावर राखणीचे ऋण येते. रोपवाटिकेतून केळ विकत आणावी, उन्हाळाभर पाहुण्यांना दाखवावी आणि हिवाळ्यात तिला तशीच मरू द्यावी, पुन्हा पुढच्या वर्षी नवी आणावी, हे करणारेही पुष्कळ असतात. त्यांचा खर्च कमी नसतो, फक्त श्रम कमी असतात. हा आणि पांघरूण घालणारा यांत जो फरक आहे, तो आम्हांस नैतिक वाटतो. एकाला झाडाचे दर्शन हवे आहे; दुसऱ्याने झाडाशी नाते पत्करले आहे. या ऋणालाही मर्यादा आहेत, हे मान्य केले पाहिजे. आणलेले झाड तेथील रानावर आक्रमण करू लागले, तर राखणाऱ्याने ते उपटलेच पाहिजे. ते जगवण्यासाठी हिवाळाभर इंधन जाळून काचघर तापवावे लागत असेल, तर त्या किमतीचाही हिशेब द्यावा लागेल.

मात्र काडाच्या पांघरुणाची एक गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटली. ज्या वस्तूंनी हे परके झाड जगते त्या सर्व तेथल्याच असतात. गहू तेथला, काड तेथले. ओक आणि बीचची गळलेली पाने तेथली. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात ग्रेट डिक्स्टर नावाची प्रसिद्ध बाग आहे. ज्यांनी दिल्लीचे राष्ट्रपती भवन रचले, त्याच लट्यन्स यांनी आखलेली गुलाबाची बाग तेथे होती. ख्रिस्तोफर लॉइड या उद्यानलेखकाने १९९३ साली ती काढून तेथे उष्ण प्रदेशातील भासावीत अशी झाडे लावली, त्यांत ही केळही होती. त्यावर बरीच टीका झाली. पण तेथे केळीला हिवाळ्यात ज्यात गुंडाळीत, ती जवळपासच उगवणाऱ्या नेच्याची वाळलेली पाने. परक्याला जगवण्याचे साहित्य परक्या देशातून मागवावे लागत नाही. आणणाऱ्याच्या अंगणातच ते पडलेले असते.

येथवर आल्यावर मनात आपोआप जे येते ते बोलून टाकणेच बरे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि लष्कर नावाचे शहर झाले. तेव्हापासून दोनशे वर्षांहून अधिक काळ मराठी भाषा येथे परक्या हवेत उभी आहे. तिलाही कोणी आणले, आणि आणणाऱ्यांच्या वंशजांवर तिचे ऋण आले. तिचे पांघरूणही येथलेच आहे. आमच्या बोलण्यातले 'करून राहिलो आहे' पुण्याच्या कानाला खटकते. भाजीवाल्याशी बोलताना आलेले हिंदी शब्द घरी परतल्यावरही आमच्या वाक्यांत रेंगाळतात. कित्येक शुद्धतावादी याला भेसळ म्हणतात. आम्हांस वाटते की हेच ते काड आहे. याच्याशिवाय ही भाषा येथे दोन हिवाळेही काढती ना.

आता तिसरा प्रश्न, जो बागप्रेमींमध्येही वादाचा आहे. जगवायचे काय, खोड की कंद? एका पक्षाचे म्हणणे, खोड उभे राखले पाहिजे. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात झाड त्याच उंचीवरून वाढू लागते, पाने लवकर येतात, आणि एखाद्या वर्षी फूलही दिसते. कारण फूल येण्यासाठी खोडाला ठराविक पाने पुरी करावी लागतात, आणि दरवर्षी शून्यापासून आरंभ करणारे झाड तेथवर सहसा पोहोचत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, एवढा व्याप कशाला? खोड जमिनीलगत कापावे, वर हातभर पाने रचावीत आणि निश्चिंत असावे. कंद जगला की झाड जगले. त्यात कष्ट कमी आणि सडण्याचा धोकाही कमी. मात्र झाड दर उन्हाळ्यात नव्याने, लहानपणापासून वाढते आणि फुलल्याविनाच त्याचे वर्ष सरते.

हा वाद आम्हांस केवळ बागेचा वाटत नाही. आपण एखादी गोष्ट राखतो म्हणजे तिचे रूप राखतो की तिचे जीवन? आपल्या परंपरेत केळीच्या खोडाचा दृष्टांत संसाराच्या निःसारतेसाठी दिला जातो. सोपटे सोलीत गेले तर आत सार म्हणून काही सापडत नाही, असे पाली ग्रंथांतही सांगितले आहे आणि आपल्या वेदान्तातही. दृष्टांत खोडापुरता खरा आहे. पण तो देणाऱ्यांनी जमिनीखाली पाहिले नाही. खोडात सार नाही, कारण सार कंदात आहे, आणि तो कंद आजूबाजूला मुनवे सोडीत राहतो. प्रत्येक मुनवा जुन्या खोडासारखा असतोच असे नाही, आणि तो जुन्या जागेवर उगवत नाही. ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे १९१७ साली एका मराठी घरात गजानन माधव मुक्तिबोध जन्मले आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक प्रमुख कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून मान्यता पावले. कंद एक, कोंब दोन, दिशा दोन. यातला एक आपला आणि दुसरा गमावलेला, असा हिशेब मांडणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आम्हांस तो हिशेब चुकीचा वाटतो. ज्या घराने असे दोन कोंब वाढवले, त्या घराची राखण वाया गेली असे कसे म्हणावे?

परंतु येथे एक सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो, कारण कंदाचा सिद्धान्त आळशी माणसाला फार सोयीचा आहे. 'वर काही दिसत नसले तरी मूळ जिवंत आहे' हे वाक्य आपल्या समाजात वारंवार ऐकू येते. घरात मराठी बोलली जात नाही, पण संस्कार मराठी आहेत. मुलांना वाचता येत नाही, पण समजते. मंडळात कोणी येत नाही, पण आस्था आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण दर्जा म्हणजे तारेची जाळी. आत काड भरलेले नसेल तर जाळीने थंडी अडत नाही. बागेतले लोक या बाबतीत अधिक प्रामाणिक असतात. थंडीनंतर केळ मेलेली दिसली तरी ते लगेच खणून टाकीत नाहीत. जूनपर्यंत वाट पाहतात, कारण कोंब उशिरा येतो. पण जून उलटून गेला आणि कोंब आला नाही, तर मूळ जिवंत आहे असे ते म्हणत नाहीत. कोंब हीच मुळाची साक्ष आहे. २०१०चा डिसेंबर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांतील सर्वांत थंड ठरला, तशा हिवाळ्यानंतर अंगणाअंगणात हीच परीक्षा घ्यावी लागते.

शेवटचा प्रश्न पांघरूण काढण्याचा. आमच्या समजुतीने साऱ्या राखणीत हाच भाग सर्वांत अवघड आहे. लवकर काढावे, तर उशिरा येणारे एखादे हिम कोवळा पोंगा जाळून टाकते. उशिरा काढावे, तर आतल्या अंधारात निघालेली पाने पिवळट, दुबळी निघतात, ओल धरते आणि ज्याने हिवाळाभर वाचवले त्याच काडात खोड सडते. घालण्यासाठी माया पुरते. काढण्यासाठी माया पुरत नाही, तेथे पारख लागते. आम्ही आयुष्य शासकीय सेवेत घालवले. तेथे आम्हांस एक गोष्ट सदैव दिसली. संरक्षणाचे आदेश तत्परतेने निघतात. त्यांचे प्रयोजन संपल्यावर ते मागे घेण्याची नस्ती मात्र कोणीच पुढे सरकवीत नाही. कारण घातलेले पांघरूण अपुरे पडले, तर दोष थंडीचा असतो. काढल्यावर काही बिघडले, तर दोष काढणाऱ्याचा. म्हणून शहाणे लोक काढतच नाहीत, आणि आत काय सडले ते कोणाच्या नावावर लागत नाही.

घरोघरी हेच चालते. नातवंड मोडकेतोडके मराठी बोलू लागले की आजोबा प्रत्येक वाक्याला अडवतात. 'मी तुला बोललो' नव्हे, 'तुला म्हटले' म्हणावे; 'पाणी पिऊन राहिलो' नव्हे, 'पीत आहे' म्हणावे. हेतू राखणीचा असतो. पण चौथ्या दुरुस्तीनंतर ते मूल हिंदीत उत्तर देते, आणि पाचव्या वेळी उत्तरच देत नाही. ज्या शुद्धतेने एका पिढीला परक्या हवेत तारले, तीच शुद्धता पुढच्या पिढीच्या कोंबावर दडपण होऊन बसते. तिचा काळ होता, तिने काम केले. पण एप्रिल आला आहे हे कोणीतरी ओळखले पाहिजे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. फळ न देणाऱ्या केळीची राखण वेड नाही. ज्याने आणले त्याचे ते ऋण आहे. परंतु ते ऋण पांघरूण घालून फिटत नाही. आत ओल तर धरत नाही ना हे पाहणे, मुळाच्या नावाने स्वतःची फसवणूक न करणे आणि वेळ येताच काड बाजूला सारणे, हे तिन्ही त्याच ऋणाचे हप्ते आहेत. आमच्या मंडळापुरती एक सूचना करावीशी वाटते. महिन्यातून एक सायंकाळ मुलांसाठी ठेवावी. त्यांनी आपल्याला येईल तशा मराठीत काहीही सांगावे, शाळेतले, क्रिकेटचे, सिनेमाचे. आणि त्या दोन तासांत वडीलधाऱ्यांपैकी कोणीही, कितीही कानाला टोचले तरी, त्यांचे एकही वाक्य दुरुस्त करू नये. वर्षभराने किती मुले पुन्हा आली ते मोजावे. कोंब आला की नाही, ते तेवढ्यावरून कळेल.